सायलीचा पाय थरथरला नव्हता

बंगळूरच्या सहलीचं मी गल्लीत सगळं रंगवून सांगितलं, एक गोष्ट सोडून. ती इतकी वर्षं टाळत आलो. आता पंचाहत्तरी उलटली, सांगून टाकतो.

महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल चषकाची उपांत्य फेरी होती. हरलं की थेट घरी. गंमत अशी, की माझी नात मुक्ता बंगळूरच्या संघाची गोलकीपर आणि समोरच्या संघात आमच्या कोल्हापूरच्या गल्लीतली सायली. तिला पेनल्टी मारायला मीच शिकवलेलं. मी हवेतच होतो.

बंगळूरच्या शिवाजीनगरला उतरून उभ्याउभ्या इडली-वडा हाणला. दुसऱ्यांदा मागितलेलं सांबार शर्टानेही थोडं चाखलं. मैदान सांगताच रिक्षावाल्याने विचारलं, "कौनसा टीम, सर?"

"दोनों!"

त्याने आरशातून मला नीट न्याहाळलं. "सरी (बरं)," म्हणाला आणि मीटर टाकला.

मी गोलच्या मागेच जागा धरली. आमच्याकडे तालमींच्या (पेठांच्या संघांच्या) मॅचला आलेला प्रत्येक माणूस बिनपगारी कोच असतो. "मुक्ते, पुढं ये! सायले, पास दे की!" मागे जे. पी. नगरच्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच एक मराठी बाई होत्या. त्या वैतागल्या.

"अण्णा, स्वल्प (जरा) खाली बसा की. कुनाकडचे तुमी?"

"दोघींचा आजोबा!"

"मग दोनदा बसा!"

सामना बरोबरीत सुटला. पेनल्टी सुरू झाल्या. शेवटची किक सायलीची. चुकली तर तिचा संघ बाहेर. तिने चेंडू ठेवला आणि एका कोपऱ्याकडे पाहिलं. बघायचं एकीकडे, मारायचं दुसरीकडे, ही माझीच शिकवण. आणि मीच ओरडलो, "मुक्ते, बघती तिकडं मारणार न्हाई!"

मुक्ताने दुसरीकडे झेप घेतली. चेंडू हातात! मी नाचलो, बाईही छत्री उंचावून नाचल्या. मग दिसलं, सायली चेंडूकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

गल्लीत आजही म्हणतात, ऐन वेळी सायलीचा पाय थरथरला. ती ऐकून घेते, मीही घेत आलो. पाय थरथरला नव्हता. किक पक्की होती. ती मी फोडली.

मी बंगळूरहून परतलो त्याच संध्याकाळी ती दारात उभी. मुक्ता फायनलला गेली म्हणून पेढे घेऊन.

"सायले, त्या दिवशी मी..."

एवढंच म्हणालो, तोच तिने माझ्या तोंडात पेढा कोंबला.

"राहू दे, आजोबा."

मी नुसता चावत राहिलो.