सावंतकाकांच्या रजेचा अर्ज

प्रोजेक्ट बुडाला की ऑफिसात त्याचा रिपोर्ट बनतो. खरी कारणं मात्र कतारमधल्या रास लफानच्या साइटवरून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये निघतात आणि उम्म सलाल आलं तरी संपत नाहीत. मी प्लॅनिंग इंजिनिअर. म्हणजे उशीर सगळ्यांच्या आधी कळणारा आणि सगळ्यांच्या शेवटी बोलणारा माणूस. पंप बदलण्याच्या एकाच कामातले हे किस्से.

*

आमच्या जुन्या साहेबांना लाल रंग चालत नसे. मागे पडलेलं काम मी चार्टवर लाल दाखवलं, तर शांतपणे म्हणाले, "कल तक ग्रीन कर देना." काम की चार्ट, ते बोलले नाहीत. मी चार्ट केला.

*

व्हॉल्व्ह आले ते चुकीच्या मापाचे. स्टोअरकीपरला हे पेटी उघडली त्याच दिवशी कळलं, आम्हाला तीन आठवड्यांनी. सांगितलं का नाही म्हणून विचारलं, तर त्याने फॉर्म दाखवला. "यात 'माल मिळाला का' एवढंच विचारलंय. मिळाला होता."

*

उशीर का होतोय हे शोधायला कमिटी नेमली. काम धड माहीत असलेला माणूस एकच, आमचे फोरमन सावंतकाका, मालवणचे. कमिटीने त्यांना तीन दिवस समोर बसवून ठेवलं. रिपोर्टमध्ये आणखी तीन दिवसांचा उशीर नोंदवला. कारण: फोरमन साइटवर नव्हता.

*

काकांच्या लेकीचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि रजेचा अर्ज जुन्या साहेबांच्या ट्रेमध्ये पडून होता. "पहले काम खलास, फिर साइन." त्यामुळे काका कशालाही "हो जाएगा साब" म्हणत. उशीर कबूल केला की रजा गेली.

"काका, खरंच होईल?" मी विचारलं.

"होतला रे. नाय झाला तर चेडवाच्या डोक्यार मोबाइलवरसून अक्षता टाकीन."

मला हसू आलं नाही. खरं तर त्या दिवशी माझीच मला लाज वाटली.

*

मग जुन्या साहेबांची बदली झाली आणि थॉमससाहेब आले. पहिल्याच दिवशी भर उन्हात साइटवर येऊन त्यांनी काकांना विचारलं, "काम कहाँ अटका है?"

"सब ओके साब. इन्शाल्ला हो जाएगा."

साहेब पुढे गेले तसे काका माझ्या कानाशी लागले. "खरां सांगू, की मीटिंगमधलां?"

संध्याकाळी मी हे साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. अर्जाचंही सांगितलं. चार वर्षांच्या नोकरीत मी दिलेलं ते पहिलं खरं स्टेटस.

दुसऱ्या दिवशी साहेब फोरमनच्या केबिनमध्ये आले. हातात सही केलेला अर्ज होता. तो काकांना देऊन म्हणाले, "छुट्टी पक्की. काम हो, न हो. अब बोलो."

काकांनी सही दोनदा पाहिली. अर्जाची घडी करून खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं. हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि साहेबांसाठी खुर्ची ओढली.

"बैठिए साब. टाइम लगेगा."