थंडीतलं इंजिन आणि आबांची खोली

छंदाला चार माणसं जमली की किस्से आपोआप साठत जातात. त्यात छंद विमानं उडवण्याचा असेल आणि विमान उडतच नसेल, तर बघायलाच नको! गप्पांना वेळच वेळ.

आमचं टोळकं लहान. मी सांगलीतला, विश्रामबागेचा. सलीमभाईंचं सांगलीत लेथचं वर्कशॉप. विट्याच्या दिनकरशेठनी उभा जन्म परमुलखात सोनं गाळलं. आणि सुभेदार आबा फौजेतून रिटायर. दर रविवारी सकाळी साताऱ्याजवळ आबांच्या माळावर आम्ही आपापली मॉडेल विमानं घेऊन जमतो. इंजिन लिंबाएवढं. त्याला लागतं मिथेनॉल, एरंडेल आणि थोडं नायट्रोमिथेन. थंडीत एरंडेल घट्ट होतं आणि इंजिन रुसतं. मग एरंडेल कमी, नायट्रो जास्त. किती कमी, किती जास्त, यावर आमचं आजवर एकमत नाही.

*

सलीमभाई एकदा दुकानात एरंडेल आणायला गेले. दोन लिटर! दुकानदार चष्म्यावरून बघतच राहिला.

"किती जणांना द्यायचंय?"

"एकालाच. बारकं हाय, पण थंडीत लय छळतंय."

दुकानदारानं काढलेल्या बाटल्या परत आत ठेवल्या. "आधी डॉक्टरला दाखवा!"

*

दिनकरशेठना अंदाज हा प्रकारच मान्य नाही. कडाक्याच्या थंडीत त्यांनी पिशवीतून सोन्याचा तराजू काढला आणि नायट्रो तोलायला बसले. माळावर वारा. तराजू काही स्थिर राहीना. आम्ही तिघं चादर धरून आडोशाला उभे, मधे शेठ. शेवटी मिश्रण मनासारखं झालं आणि शेठनी विजयानं मान वर केली. ऊन डोक्यावर आलं होतं. आबांनी स्वेटर काढून खांद्यावर टाकला.

"शेठ, थंडी गेली. आता उन्हाळ्याचं बनवायला घ्या!"

*

आबांचं प्रत्येक उत्तर लडाखमधून येतं. "लडाखला आमी ट्रकखाली शेकोटी करून इंजिन गरम करायचो." शेकोटीला आम्ही साफ नाही म्हटलं. मग आबांनी इंजिनवर भसाभस इंधन ओतलं, बॅटरी लावली आणि पंखा फिरवला. भडका उडाला. पण मिथेनॉलचा जाळ उन्हात दिसत नाही. आम्हाला दिसले ते फक्त हात झटकत उड्या मारणारे आबा. शेठही शेजारी उभे राहून उड्या मारू लागले! लोकर जळल्याचा वास आला तेव्हा सलीमभाईंनी पोतं टाकलं. आबांची एक बाही गेली, हात वाचला.

"गड्यांनो, बघत काय होता रं?"

शेठ धापा टाकत म्हणाले, "आमाला वाटलं, पी.टी. चाललीय."

*

त्या जळक्या स्वेटरवरून आमच्या काकी, म्हणजे आबांच्या मंडळी, चिडल्या. घरातली एक खोली विमानांनी आणि एरंडेलाच्या वासानं भरलेली, आणि त्यांनी अजून एकही विमान उडताना पाहिलेलं नाही! "रविवारी मी येनार. विमान उडालं तर खोली तुमची. न्हाई उडालं तर तिथं माझं शेवयांचं मशीन."

मला आबांची खरंच काळजी वाटली. जन्मभर ट्रंकेत संसार केलेल्या माणसाची ती पहिली स्वतःची खोली.

रविवारी हात काकडत होते. काकी शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या. सलीमभाईंचं मिश्रण झालं, शेठचं झालं, माझं झालं. इंजिन ढिम्म. शेवटी आबांनी इंजिन विमानासकट स्वेटरच्या आत घेतलं आणि छातीशी धरून बसले.

काकी म्हणाल्या, "आवं, स्वतःच्या लेकराला कवा असं धरलं न्हाईत!"

थोड्या वेळानं आबांनी विमान खाली ठेवलं, पंखा फिरवला आणि इंजिन कडाडलं! विमान माळावरून धावलं, उचललं, वर गेलं. आम्ही ओरडत सुटलो. आबांचे डोळे भरून आले.

एवढ्यात वर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. विमान तिरकं होत गेलं आणि शेजारच्या उभ्या उसात दिसेनासं झालं. आबा रिमोट धरून तसेच उभे होते.

"घे," ते हळू म्हणाले. "उद्या मशीन ठेव तुझं."

काकी उठल्या. शाल खुर्चीवर टाकली, पदर खोचला आणि उसाकडं निघाल्या.

"मी उडायचं बोलले हुते. उतरायचं कुटं बोलले? चला, हुडका!"