पिन बाहेर होती

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. चमत्कार, साक्षात्कार असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कुणी सांगायला लागलं की मी चहा घ्यायला उठायचो. पण टाळण्याचं खरं कारण ते नाही. हा अनुभव सांगायचा तर आधी माझं खोटं सांगावं लागतं... आता वय झालं. सांगून टाकतो.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी बहरीनला, मनामात बंदराकडच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये फोरमन होतो. गाव कराडजवळ. राहायला बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत. माझ्या हाताखाली शांतवन होता, नगरकडचा मराठी ख्रिस्ती. मी त्याला सगळ्यांसमोर "काय पाद्रीबुवा, आज स्वर्गात वशिला लावला का?" म्हणायचो. तो हसायचा. म्हणायचा, "लावला ना तात्या, तुमचं नाव पहिलं सांगितलं."

ईदच्या सुट्टीआधी मी मोठ्या फ्रीझरचं डीफ्रॉस्ट केलं आणि कॉम्प्रेसर परत चालू करायला विसरलो. सुट्टीनंतर दार उघडलं तर सगळी कोंबडी नासलेली. मॅनेजरने विचारलं, ड्युटी कुणाची? मी म्हणालो, शांतवनची.

शांतवन तिथेच उभा होता. एवढंच म्हणाला, "तात्या, नीट आठवून बघा." मी म्हणालो, आठवतंय. त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. खलास. घरी लग्नाची बहीण होती त्याच्या, हे मला माहीत होतं. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो." मी म्हणालो, "स्वतःसाठी कर, तुला गरज आहे."

एवढं करूनही माझी फोरमनकी गेलीच. माणूस तुझा होता, म्हणाले. मला लोडर केलं आणि शुक्रवारची ड्युटी गळ्यात मारली. काल ज्यांना हुकूम सोडत होतो, ती पोरं आता "यल्ला तात्या, उचला" म्हणायची.

आता तिथली एक रीत सांगतो. त्या फ्रीझरच्या दाराला बाहेरून कडी होती आणि कडीत एक लोखंडी पिन बसायची. आतून उघडायचा खटका बर्फाने केव्हाच निकामी झालेला. म्हणून नियम असा, की आत जाणाऱ्याने पिन खिशात घालूनच जायचं. पिन बाहेर शेजारच्या हुकाला टांगलेली दिसली, म्हणजे आत कुणी नाही. हा नियम पोरांना मीच शिकवलेला.

त्या शुक्रवारी दुपारी मी चिडलेलाच होतो. आता मी कोण फोरमन, म्हणत पिन हुकालाच ठेवली, दार लोटलं आणि खोके लावायला मागे गेलो. जरा वेळाने धप्प असा आवाज झाला. येऊन ढकलतो तर दार हलेना.

आमचा वॉचमन इस्माईलभाई, रत्नागिरीचा, जुम्म्याच्या नमाजला निघाला असणार हे लक्षात आलं. बाकी कंपनी बंद. ओरडलो, लाथा मारल्या. दारावर ठोकायला काही सापडतंय का म्हणून जॅकेटचे दोन्ही खिसे उलटे करून बघितले — एक रुमाल आणि मार्कर पेन. बाकी काही नाही. हे मी शपथेवर सांगतो.

उणे अठरात माणूस आधी थरथरतो, मग थरथर थांबते आणि झोप यायला लागते. मला झोप यायला लागली होती. रामरक्षा आठवेना. पोरांचे चेहरेसुद्धा नीट येईनात. आठवलं ते शांतवनचं वाक्य. मी मोठ्याने म्हणालो, "शांतवनच्या देवा, डीफ्रॉस्ट मी केलं होतं. तो निर्दोष आहे. तो माझ्यासाठी काही मागत असेल, तर त्याचं ऐक."

प्रकाश पडला नाही. आवाज आला नाही. फक्त भीती गेली... एखाद्याने हातातलं ओझं काढून घ्यावं तशी. बधिर हात मी खिशात घातले आणि उजव्या हाताला पिन लागली. गार नव्हती. कुणाच्या तरी मुठीतून नुकतीच काढल्यासारखी कोमट होती. मी दार ढकललं. उघडलं.

बाहेर उन्हात बसलो होतो तेव्हा इस्माईलभाई आला. मला बघून जागीच थबकला.

"कदम, तू आत होतास? अरे, पिन हुकाला होती! दार उघडं दिसलं म्हणून मीच कडी घातली. मीच पिन लावली... या हाताने, अल्ला कसम!"

मी पिन दाखवली. त्याने ती हातात घेतली, कडीकडे बघितलं आणि ती माझ्या हातात परत ठेवली. मग म्हणाला, "कुणालाही सांगू नको. पण ज्याने तुला बाहेर काढलं त्याला विसरू नको."

मी विसरलो नाही. उम्म अल हस्सम भागात नगरच्याच एका नर्सबाईंच्या घरी शुक्रवारी मराठी प्रार्थना व्हायची, तिथे जायला लागलो. पहिले काही महिने दाराशीच बसायचो. पुढे बाप्तिस्मा घेतला. बायको फोनवर रडली, "बाटलात काय हो?" सुट्टीवर गेलो तेव्हा तिने बजावलं, "माझ्या देव्हाऱ्याला हात लावायचा नाही." मी लावला नाही. आज ती तिची पूजा करते, मी शेजारी बसून बायबल वाचतो.

फोरमनकी परत मिळाली नाही, मागितलीही नाही. ज्यांचे व्हिसा कॅन्सल व्हायचे त्यांच्याजवळ जाऊन बसायचं, बॅग बांधायला मदत करायची, विमानतळापर्यंत सोबत जायचं, हे काम मला सापडलं. परतेपर्यंत तेच केलं. त्या दिवसांइतका मी आयुष्यात कधी सुखी नव्हतो. देवाचे आभार मानायला मला शब्द पुरत नाहीत.

पिनचं कोडं मात्र सुटलेलं नाही. लोक म्हणतात थंडीने भास झाला. असेल. पण मग इस्माईलभाईला कुठली थंडी होती?

भारतात परतल्यावर पत्ता शोधत शांतवनच्या गावी गेलो. तो थकला होता. त्याने सुनेला, नातवंडांना हाका मारून बोलावलं. "हे आमचे तात्या. बहरीनला यांच्या हाताखाली होतो. देवमाणूस!" सुनेने मला वाकून नमस्कार केला. मी चहा घेतला. बहिणीचं लग्न विचारलं. "झालं हो, जरा उशिरा झालं," म्हणाला. पाच-सहा वेळा तोंड उघडलं. प्रत्येक वेळी कुणीतरी पोहे घ्या म्हणालं. एसटीपर्यंत तो काठी टेकत सोडायला आला. तिथे आम्ही दोघंच होतो. गाडी येईपर्यंत वेळही होता.

मी म्हणालो, "तब्येतीला जप."

पुढच्या वर्षी तो गेल्याचं कळलं.