शेवटचं गाणं ऐकणारे सुईचाचा

सुईचाचांनी कुठल्याही तबकडीचं पहिलं गाणं कधी मन लावून ऐकलं नाही. गिऱ्हाईक "वा, काय आवाज आहे!" म्हणत मान डोलवायला लागलं, की हे सुई उचलून थेट शेवटच्या गाण्यावर ठेवायचे. "पहिला गाना तो कुणाकडं पण गोड वाजतो की! मध्याकडं गोल लहान होत जातो. सुई जरा तिरकी असली, की तिथं आवाज फाटतो. लावणारा कोण हाय ते तिथं कळतं." तोवर चहासुद्धा घ्यायचे नाहीत. सोलापुरात रेकॉर्डप्लेअरची सुई लावावी ती त्यांनीच, म्हणून नाव सुईचाचा. खरं नाव विचारायचं मला कधी सुचलंच नाही, याची आता लाज वाटते.

आमची गाठ पडली ती माझ्या अतिशहाणपणामुळे. निवृत्त झाल्यावर मी प्लेअर आणला तो अम्मासाठी. अम्मा म्हणजे माझी आई; आमचं घर विणकरांचं, तेलुगू. तरुणपणी तिच्या भजनी मंडळाची एक तबकडी निघाली होती आणि त्यातल्या शेवटच्या गाण्यात एक ओळ अम्मा एकटी गायली होती. घरात प्लेअर कधीच नव्हता. "गाऊन दाखव ना" म्हटलं, तर म्हणायची, "तबकडीत आहे, तिथं ऐका." म्हणजे ती ओळ आम्ही जन्मात ऐकली नव्हती.

कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा तो चिमुकला डबा, मी स्वतःच बसवला. आयुष्यभर पोरांना भूमिती शिकवलेली बाई मी, मला कोण शिकवणार? पट्टी लावून डबा अगदी नाकासमोर सरळ केला. ऐंशीची अम्मा ठेवणीतली साडी नेसून समोर बसली. शेवटचं गाणं लागलं, तिची ओळ आली आणि फाटक्या पिपाणीतून निघावा तसा आवाज निघाला! अम्माचं तोंड एवढंसं झालं. "अशी गात होते होय मी? आणि जन्मभर मिरवलं! बंद कर गं ते." तबकडी तिनं कपाटात साड्यांच्या तळाशी ठेवून दिली. मला तर रडूच कोसळलं.

शेवटी सुईचाचांना बोलावणं धाडलं. ते आले ते शेजारचे यंत्रमाग बंद असलेल्या दिवशी. माग चालू असले की जमीन थरथरते, आणि अशा जमिनीवर ते सुईला हात लावत नसत. डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझी करामत पाहिली आणि खो खो हसत सुटले. "टीचरबाई, डब्बा एकदम सीधा लावला की! पण रेकॉर्डला डब्बा लागतो का सुई?" सुई डब्यातच किंचित तिरकी होती आणि मी आपली डब्याच्या कडेवर भरवसा ठेवून मोकळी! अस्सा राग आला स्वतःचा!

मग त्यांनी खिशातून एक लग्नपत्रिका काढली. मागच्या कोऱ्या बाजूला बारीक रेघांच्या दोन चौकटी आणि प्लेअरच्या खुंटीसाठी एक भोक. पत्रिका खुंटीत अडकवायची, सुई आधी एका चौकटीतल्या ठिपक्यावर टेकवायची, मग दुसरीतल्या. दोन्हीकडे सुईची दांडी रेघांना समांतर आली की काम झालं. पण एकीकडे जुळली की दुसरीकडे हुकायची. डबा केसभर पुढं, केसभर वळव, पुन्हा पहिल्यापासून. मी सारखी घड्याळ बघत होते. "कायकू घाई करता? ज्यांची पत्रिका, त्यांना नातवंडं झाली. रेघा अजून तशाच हायत." चहा दोनदा गार झाला.

अम्मा काही स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हती. चाचांनी प्लेअरपाशी बसूनच हाक मारली, "अम्माजी, एकदा ऐका. नाही पटलं तर मीच कपाटात ठेवतो." तिनं कुरकुरत तबकडी आणून दिली आणि दारातच उभी राहिली. शेवटचं गाणं लागलं. ओळ आली, आणि अगं बाई! विशीतली एक पोरगी खणखणीत गात होती, एकेक अक्षर सुटं. "अय्यो! हीच मी! सांगत नव्हते?" म्हणत अम्मा टाळ्या पिटायला लागली आणि दारातूनच ती ओळ गाऊ लागली. आवाज कापत होता, सूर मात्र जागच्या जागी.

चाचांनी झटकन सुई उचलली. शेवटचं गाणं त्यांनी मध्येच तोडलेलं मी तेवढंच पाहिलं. "मशीन रोज ऐकतो," ते म्हणाले, "अम्माजी, फिरसे." अम्मानं अख्खं गाणं म्हटलं. तिसरा चहाही गार झाला आणि चाचा तो तसाच, मिटक्या मारत प्यायले.

पुढं हात थरथरायला लागले तेव्हा ते लेकीकडे बार्शीला राहायला गेले. जाताना पत्रिका माझ्या हातात ठेवली. आता लोकांच्या सुया मी लावते, आणि शेवटचं गाणं साफ वाजल्याशिवाय अम्मा मला चहा देत नाही.

चाचा गेल्याचं लेकीनं फोनवर कळवलं, तेव्हा मी ती तबकडी काढायला कपाटाकडे वळले. अम्मानं माझा हात धरला. "राहू दे. मशीन तर ते रोज ऐकायचे," म्हणाली आणि बार्शीच्या दिशेला तोंड करून तिनं पहिल्यापासून गायला सुरुवात केली.