सासूनं भरवलेली पेज

डोंगरातल्या अत-बाशी गावाच्या अलीकडच्या त्या छोट्या गावात तुरसुनाई सव्वीस वर्षं नर्स होती. दवाखाना दोन खोल्यांचा, डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार. गाव तिला विचारूनच शिंकतं, असं तिचा नवरा म्हणे. लहानथोर सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत. 'समजलं का?' असं ती कुणाला विचारत नसे. तसं विचारलं की सगळेच माना डोलावतात. एका मेंढपाळानं अशीच मान डोलावून दम्याचा फवारा महिनाभर छातीवर, सदऱ्यावरून मारला होता. तेव्हापासून सांगून झालं की ती म्हणायची, "आता मला करून दाखव."

एका फेब्रुवारीत गावातली म्हातारी साइराआपा नारीन शहरातल्या इस्पितळातून घरी आली. अर्धांगाचा झटका आलेला. उजवी बाजू लुळी, बोलणं बोबडं. सून जिपारा गुणाची पोर. सासूला चमचाही उचलू देत नव्हती, आडवी ठेवूनच भरवत होती. भेटायला आलेल्या बायका तिचं तोंडभर कौतुक करत. तुरसुनाईनं मात्र आधी आपाची टाच आणि माकडहाड पाहिलं. कातडी लाल झाली होती. तिनं जिपाराचं बोट त्या लालीवर दाबलं आणि उचललं. लाली हटली नाही. जखम इथूनच सुरू होते, ती म्हणाली. मग दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, खाताना ताठ बसवून हनुवटी किंचित खाली कशी ठेवायची, बाही चढवताना लुळा हात आधी कसा घालायचा, ते शिकवलं. जिपारानं सगळं करून दाखवलं, एकदाही न चुकता.

अडलं ते पुढेच. आपाला जे जमेल ते आपानंच करायचं म्हटल्यावर जिपाराचा चेहरा उतरला.

"एजे, त्या धडपडणार आणि मी बघत बसू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

तुरसुनाईनं वाद घातला नाही. तिनं जिपाराला आपाच्या समोर बसवलं, तिचा उजवा हात शालीनं अंगाशी बांधला, पेजेचा वाडगा आपापुढे ठेवला आणि आपाच्या धडधाकट डाव्या हातात चमचा दिला.

"आपा, आज सुनेला तुम्ही भरवा."

पहिला चमचा जिपाराच्या हनुवटीवर गेला, दुसरा नाकावर. तिसरा तोंडात पडला, पण तो गिळायच्या आत चौथा आला. थांबा म्हणायला तोंड मोकळं नव्हतं आणि नाक पुसायचं सुचेना. तेवढ्यात खोलीत खुसखुस ऐकू आली. आपा हसत होती. ओठांची एकच बाजू वर गेली होती, पण खांदे गदगदा हलत होते. झटक्यानंतर ती पहिल्यांदाच हसत होती.

"हळू भरव," आपा बोबड्या बोलात म्हणाली. "हेच रोज सांगत होते मी."

जिपारा नाकावरच्या पेजेसकट हसली, आणि मग थोडी रडलीही.

बायका बोलायच्या त्या बोलल्याच. तुरसुनाईनं त्यांना सांगितलं की वाट बघणं हे या दुखण्यावरचं औषध आहे आणि ते सुनेलाच घ्यावं लागतं. सुरुवातीला एक बाही चढवायला आपाला पंधरा मिनिटं लागत. जिपारा मदतीला धावू नये म्हणून स्वतःचे हात पाठीमागे धरून उभी राही. माकडहाडावरची लाली आठवड्यात गेली. एप्रिलमध्ये आपा काठी टेकत अंगणात आली आणि कोंबड्यांना शिव्या देऊ लागली. त्या मात्र अगदी स्पष्ट येत.

मे महिन्यात एक दिवस तिनं तुरसुनाईला बसवून घेतलं आणि स्वतः चहा ओतला. तिकडे पाहुण्याला चहाची अर्धीच वाटी देतात, म्हणजे तो पुन्हा मागतो आणि बसून राहतो. काठोकाठ वाटी म्हणजे पी आणि नीघ. आपाचा हात थरथरला आणि वाटी बशीत ओसंडली.

"आपा, एजेला हाकलताय की काय?" जिपारा म्हणाली.

"हाकलतेच आहे," आपा म्हणाली. "तिला अजून चार घरं फिरायचीत. तू बस. तुझी वाटी दे इकडे, अर्धीच भरते."