कण्हेरीचं पाणी

वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकमागे रंगवलेलं कमळ दिसलं की समजायचं, हे आपल्या भावसिंगचं. हात मोठा गुणी. पण या बाप्पाला एकच खोड, ब्रश हातात आला की जग गेलं उडत!

वणीच्या कॉलेजात झाडाझुडपांचं शास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी त्याला कण्हेरीचं चित्र काढायला सांगितलं. नमुन्याला जुनी चित्रं मोबाईलवर दाखवली. इंग्रज साहेबांसाठी आपल्याच चिताऱ्यांनी काढलेली, एकाच कागदावर फांदी, फूल, उकललेली शेंग, बी.

"खाली नाव कोनाचं हाय?" भावसिंगनं विचारलं.

नाव साहेबाचं. काढणाऱ्याचं बहुतेक चित्रांवर नव्हतंच. भावसिंग हादरलाच. "डोये फोडून ज्यानं काढलं त्याचंच नाव नाही?"

मॅडम म्हणाल्या, "यावर तुमचं टाका. पण जपून हं, या झाडाचं पान, चीक, सगळंच विष."

"मले ठाऊक हाय मॅडम, अंगणातच तं हाय आमच्या."

ठाऊक होतं, तेच तर!

फांदी सुकली की रंग उतरतो, म्हणून त्या चिताऱ्यांसारखं ताजं फूल समोर ठेवूनच काढायचं. भावसिंगनं तांड्यावरच्या घरी, ओट्यावर, लोटाभर पाण्यात फांदी ठेवली आणि सकाळभर काढत बसला. दुपारी देठ नीट दिसावा म्हणून ती बाहेर काढून कागदाशेजारी आडवी केली. लोटा तिथेच राहिला. पाणी दिसायला नितळ.

तेवढ्यात त्याची बायको हंसाबाई कापूस वेचून आली, घामानं निथळत.

"अवो, पानी द्या नं."

भावसिंग पाकळीची कड ओढत होता. मान वर न करता म्हणाला, "तो लोटा हाय तिथं, घे."

ती घटाघटा प्यायली. "कडू काहून लागून राह्यलं?"

तेव्हा कुठे मान वर झाली. अरे देवा! ब्रश गळून पडला. आपल्याच तोंडानं, आपल्याच बायकोला! त्यानं अशी बोंब मारली की शेजारचा अमर मोटरसायकल घेऊनच धावला. तिला दोघांच्या मधे बसवून वणीचा दवाखाना गाठला. वाटभर उलट्या. डॉक्टर म्हणाले, ठोके फार मंद पडलेत, आत्ताच काही सांगता येत नाही.

भावसिंग बाहेर फरशीवर बसून राहिला. बोटांना अजून गुलाबी रंग होता.

दुसऱ्या दिवशी ठोके सावरले. हंसाबाईनं डोळे उघडले. "चित्र झालं काय तुमचं?"

भावसिंग ढसाढसा रडला. "चुलीत गेलं थे चित्र! म्या मारलं असतं वं तुले."

"रडू नका. पानी द्या."

बाटली सीलबंद होती. तरी त्यानं आधी स्वतः दोन घोट घेतले, थोडा वेळ थांबला आणि मगच ती तिच्या ओठाला लावली.