नाव न देता लिहा

"ही बघा, आपल्या लॅबची दुखियारी!" स्टाफच्या सभेत प्राचार्य सर माइकवर म्हणाले आणि हॉलभर हशा पिकला. त्यांच्या हातात माझं पत्र होतं. छापून आणलेलं.

शिरूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅबची मदतनीस. तपासणीची समिती येणार म्हणून सरांनीच मला वेबपेज करायला लावलं. ज्याला ताण आलाय त्यानं नाव न देता लिहावं, मानसशास्त्राच्या मॅडम उत्तर देतील. पंधरा दिवस खपले. चालतंय का बघायला पहिलं पत्र मीच लिहिलं आणि लिहिता लिहिता खरंच लिहून गेले. मांडवगणची मुसलमानाची पोर म्हणून स्टाफरूममध्ये माझा कप वेगळा ठेवतात. डबा तसाच घरी परत नेते.

नाव नव्हतं. पण पेजवर प्रत्येक पत्राखाली वेळ छापायची अक्कल माझीच. लॅबच्या दारात रजिस्टर असतं: कोण, कोणत्या मशीनवर, किती वाजता. सरांनी वेळ जुळवली.

"कप वेगळा म्हणे! अगं, चहा तर मिळतो ना?"

पुन्हा हशा. मीही हसले. का, ते आजही कळत नाही. राग आला नाही, रडू आलं नाही. घरी जाऊन भाकरी थापल्या.

आठवड्यानं एका मुलीचं पत्र आलं. पेपर हातात पडला की हात कापतात, श्वास कोंडतो. घरी कळलं तर कॉलेज बंद करून लग्न लावतील. सरांनी शिपाईमामांना धाडलं.

"पोरी, सर रजिस्टर मागत्यात. तिच्या बापाला बोलवायचं म्हंत्यात. दिऊन टाक, कशाला वाईटपणा घेती?"

मी वेळ बघितली, नाव बघितलं. कवठे गावची पोर. रोज पहिली येते, कोपऱ्यातलं मशीन धरते. रजिस्टर कपाटात कोंडलं आणि हात हलवत सरांच्या केबिनमध्ये गेले.

"रजिस्टर कुठंय?"

"न्हाई देणार, सर." त्यांच्यासमोर इतकी वर्षं जपून शुद्ध बोलले होते.

"तुझी लायकी काय, बोलतेस काय!"

"तिनं मॅडमला लिव्हलंय. तुम्हाला न्हाई."

संध्याकाळी मेमो आला. तो ड्रॉवरमध्ये टाकला. आधी पेजवरची वेळ काढून टाकली. मग रजिस्टर घरी नेऊन चुलीत घातलं, पुठ्ठ्यासकट. माझ्या लॅबमध्ये कोण रडलं याची नोंद यापुढं होणार नाही. मला काढतील, काढू देत. माझ्या जागी जी येईल तिला हे शिकवूनच मी खुर्ची सोडेन.